बोहारणीला 'नाही' म्हणा!

कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुन्या कॉटनच्या साड्या पडून आहेत? आईच्या, आजीच्या? नेसवत नाहीत आणि कुणाला देववतही नाहीत, अशा? मग मंडळी, गोधडी शिवा. मॉलमध्ये 'हॅण्डमेड' लेबल लावलेल्या गोधडीला आपण मुकाट पैसे मोजतो. पण त्यातली साडी कुणाची, हे कुठे माहीत असतं?

हिशेब सोपा आहे. सहावारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर. तिचे तीन सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकडा सहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद. एकावर एक ठेवले की एका माणसाला एसीत पुरेल एवढी हलकी गोधडी! थंडीसाठी हवी तर मध्ये एखादी जुनी चादर घाला. कापड मात्र सुतीच हवं. जॉर्जेट-शिफॉनचा मोह नको, शिवताना सरकतं आणि घामही टिपत नाही.

आता सगळ्यात अवघड काम, धुणं. आजी गेल्यावर तिच्या साड्यांच्या गठ्ठ्याला आमच्या घरी वर्षभर कुणी हात लावला नाही. आई म्हणायची, धुतल्या की तिचा वास जाईल. जातोच. पण आत खळ राहिली तर कसर लागते, आणि कच्चा रंग गोधडीच्या पहिल्याच धुण्यात पसरतो. शेवटी आजीचा एक ब्लाऊज आईने न धुता डब्यात ठेवला आणि मग साड्या भिजवल्या. तुमच्याकडेही असं काही असेल, तर आधी ते बाजूला काढा. घाई करू नका.

धुतल्यावर फॉल उसवा. साडी ट्यूबलाइटसमोर धरा. जिथून उजेड आरपार येतो ते विरलेलं कापड, ते मधल्या थरात. चांगला भाग वर आणि खाली, काठ कडेला.

थर जमिनीवर अंथरा, इस्त्री फिरवा आणि मधून कडेकडे जात मोठे कच्चे टाके घाला. हा कंटाळवाणा भाग टाळलात तर पुढे मधोमध फुगा आलाच म्हणून समजा. मग कडा आत दुमडून धावदोरा सुरू. कडेपासून गोल गोल फिरत आत यायचं, दोन ओळींत दोन बोटं अंतर. दोरा जाड सुती, मेणावरून ओढलेला आणि हातभरच. लांब घेतला की गुंता. गाठ थरांच्या आत लपवा. आणि बोटात अंगुस्तान हवंच, नाहीतर सोमवारी की-बोर्डवर कळेल!

मशीनवर होणार नाही का? होईल. पण विरलेल्या कापडावर मशीनचे घट्ट टाके मला तरी पटत नाहीत, तिथूनच फाटायला लागतं.

वेळ? एका गोधडीत ७० मीटरच्या आसपास धावदोरा होतो. रोज तासभर बसलात तर महिना धरा. एवढा पेशन्स नसेल तर आधी मीटरभराचं दुपटं करून बघा. ऑफिसात कुणी ना कुणी बाळंतपणाच्या रजेवर असतंच.

आमची अजून अर्धी व्हायचीय. रात्री सिरियल बघता बघता आई एका कडेला, मी दुसऱ्या. तिचे टाके तांदळाएवढे, माझे शेवयांसारखे. माझे उसवायचे नाहीत, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.