पूररेषा आणि पुढची पिढी

धरण, पूल, जलवाहिनी, मलनिःसारण वाहिनी आणि लोहमार्ग यांचे आयुष्य ती कामे मंजूर करणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या मुदतीपेक्षा, ती उभारणाऱ्या अभियंत्यांच्या सेवाकाळापेक्षा आणि पुष्कळदा त्यांच्या हयातीपेक्षाही मोठे असते. त्यामुळे आजच्या निर्णयाचे बरे-वाईट परिणाम ज्यांच्या वाट्याला येणार आहेत, त्यांतील अनेकांचा अद्याप जन्मही झालेला नाही. हवामानबदलामुळे हा जुनाच प्रश्न अधिक तीव्र झाला असून, मुठेच्या उजव्या काठावर वसलेल्या पुण्याच्या नारायण पेठेत तो आजही ताजा आहे.

१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांसह नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. पानशेतचे काम पूर्ण झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात तेथे पाणी साठवले गेले होते. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारा मार्ग, म्हणजे विमोचक, अपुऱ्या अवस्थेत होता, आणि त्यावरील भराव खचत गेल्याने धरणाचा माथा खाली बसून पाणी त्यावरून वाहू लागले. पावसाचे प्रमाण हे एक निमित्त होते. खरे कारण एका हंगामाच्या सोयीसाठी दीर्घायुषी बांधकामाच्या सुरक्षिततेशी केलेली तडजोड हे होते.

आज धोक्याचे स्वरूप बदलले आहे. आजवरचे जलशास्त्रीय संकल्पन, म्हणजे किती पाणी येईल याचा हिशेब मांडून रचनेची मापे ठरवण्याची पद्धत, मागील नोंदींतील पावसाचे वर्तन पुढेही तसेच राहील या गृहीतकावर उभी आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते; पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. गृहीतकच ढासळले असेल, तर त्यावरील आकडेमोड कितीही काटेकोर असली तरी तिचा भरवसा धरता येत नाही.

पूररेषांच्या बाबतीत ही अडचण अधिक स्पष्ट दिसते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. १०० वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेल्यावर शतकभर न येणारा पूर असा सर्वसाधारण समज असला, तरी त्याचा खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. त्या हिशेबाने, ५० वर्षे टिकणाऱ्या इमारतीला तिच्या आयुष्यात लाल रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के आणि निळ्या रेषेपर्यंतचा पूर गाठण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के ठरते, आणि हेही पाऊसमान बदललेले नाही असे मानले तरच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांत पाणी शिरले. मेट्रोच्या वनाझ ते रामवाडी मार्गाचे काही खांब मुठेच्या पात्रातच उभे आहेत, आणि नदीकाठ सुधार प्रकल्पातील बांधांची आखणीही याच पात्राशी निगडित आहे. ही कामे पुढील अनेक दशके राहणार असल्याने, ती कोणत्या पुराला तोंड देऊ शकतील हे सांगणाऱ्या आकड्यांतच त्यांचे भवितव्य आहे.

दुसरा अडसर अर्थशास्त्रीय आहे. प्रकल्पाची छाननी करताना भविष्यातील लाभ-हानीचे आजचे मूल्य काढण्यासाठी वटाव दर वापरला जातो. १० टक्के दराने ५० वर्षांनंतरचे एक लाख रुपयांचे नुकसान आज अवघे सुमारे ८५० रुपयांचे भासते, तर ४ टक्के दराने तेच सुमारे १४ हजार रुपयांचे ठरते. नातवंडांच्या घरात शिरणाऱ्या पाण्याची किंमत अशा रीतीने एका दराच्या निवडीवर ठरत असेल, तर ती निवड लेखापालाच्या तक्त्यात दडून राहता कामा नये. तिची कारणे प्रकल्प अहवालात स्पष्ट लिहिली गेली पाहिजेत.

यावर मार्ग नाही असे नाही. १९५३ च्या महापुराचा तडाखा सोसलेल्या नेदरलँड्सने २०१२ पासून लागू असलेल्या कायद्याने पूरसंरक्षणासाठी स्वतंत्र आयुक्त आणि स्वतंत्र निधी ठेवला असून, तेथील धोरणांचा दर सहा वर्षांनी फेरविचार होतो. नायमेगेन शहराजवळ तर वाल नदीचा बांध उंच करण्याऐवजी सुमारे ३५० मीटर मागे सरकवून नदीला जागा मोकळी करून देण्यात आली. पुण्याच्या इतिहासातही दूरदृष्टीचे उदाहरण आहे: नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नळाला जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते, म्हणजेच गाळ काढण्याची आणि देखभालीची सोय मूळ रचनेतच केलेली होती.

भारतात धरण सुरक्षा कायदा, २०२१ ने मोठ्या धरणांची ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी बंधनकारक केली आहे. हेच तत्त्व पूररेषा, पूल, पावसाळी गटारे आणि जलाशय परिचालन सूची, म्हणजे कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचे वेळापत्रक, यांनाही लागू झाले पाहिजे. दर दहा वर्षांनी नव्या पर्जन्यनोंदी आणि हवामान प्रारूपांच्या आधारे या आकड्यांची फेरतपासणी व्हावी आणि ती कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने करायची हेही नमूद असावे, कारण जबाबदारी पदाशी बांधली तरच ती बदली आणि निवृत्तीनंतर टिकते.

कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज मात्र नाही. या मासिकाच्या वाचकांपैकी जे अभियंते, नगररचनाकार आणि सल्लागार येत्या वर्षात एखाद्या संकल्पनावर स्वाक्षरी करतील, त्यांनी त्या अहवालात तीन गोष्टी आवर्जून लिहाव्यात: कोणत्या वर्षांच्या पावसाच्या नोंदी वापरल्या, हवामानबदलासाठी किती वाढ धरली, आणि हे आकडे पुन्हा कोणत्या वर्षी तपासले जावेत. वरिष्ठांनी त्यांवाचून कोणत्याही अहवालाला मान्यता देऊ नये.