'ट्रिप' हे माप नव्हे!

'गुंठाभर अंगणाला मुरूम किती लागेल?' असं विचारा, उत्तर ठरलेलं. 'तीन ट्रिप टाका साहेब, होऊन जाईल.' अहो पण ट्रिप कशाची? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची की डंपरची?

हिशोब शाळकरी आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. थर चार इंच, म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. झाले ३६३ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ३.६३ ब्रास. (इंचाचे फूट करायला विसरलात तर उत्तर बारापट. आमच्या धंद्यातला जुनाच बग!)

खरी गोम पुढेच आहे. गाडीत येतो तो सुटा मुरूम. पाणी मारून रोलर फिरवला की तो खाली बसतो. दाबून चार इंच हवा तर सुटा साधारण पाच इंच टाकावा लागतो, म्हणजे साडेचार ब्रास. नेटवरचे कितीतरी कॅल्क्युलेटर हे विचारतच नाहीत, दशांशापुढे तीन आकडे मात्र ऐटीत दाखवतात. काय चाटायचीय ती अचूकता?

दर सुट्या ब्रासचा की दाबलेल्या, ते आधी लिहून घ्या. गाडी ओतण्याआधी हौद्याला टेप लावा. ड्रायव्हर तोंड वाकडं करेल. करू दे.