'पोस्टवरून' मेलेला माणूस

मराठी वर्तमानपत्रांत गेली काही वर्षे एक शब्दयोगी अव्यय फार राबते आहे. 'आक्षेपार्ह पोस्टवरून तणाव', 'स्टेटसवरून दगडफेक', 'कमेंटवरून दोन गट भिडले'. या 'वरून'ने जेवढे गुन्हेगार पाठीशी घातले तेवढे एखाद्या निष्णात वकिलानेही घातले नसतील. दगड कोणी उचलला, लोखंडी गज कोणी आणला, माणसे कोणी गोळा केली हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. पोस्ट पडली आणि माणूस मेला! जणू पोस्टलाच हात होते.

10 सप्टेंबर 2023, रविवार. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले पुसेसावळी. रात्री इशाच्या नमाजसाठी माणसे मशिदीत असताना जमाव आत घुसला. नूरुल हसन शिकलगार हा तरुण इंजिनिअर मारला गेला, अनेक जण जखमी झाले. दुकाने, गाड्या जळाल्या आणि जिल्ह्याचे इंटरनेट बंद झाले. ज्या खात्यांवरील मजकुराची चर्चा होती त्यातले एकही खाते या नूरुल हसनचे नव्हते. तो नमाजला आला होता, एवढेच. तरीही घटनेची हकिगत सांगायला बसलेला माणूस सुरुवात करतो ती पोस्टपासून. म्हणजे मेलेल्याच्या बाजूने कुणीतरी आधी आगळीक केली होती, हे वाचकाच्या मनात पहिल्याच ओळीत पक्के होते. पुढे खून वाचायचा तो खुलासा मिळाल्यावर.

या घटनेच्या काही आठवडे आधीची साताऱ्याची गोष्ट प्रत्येक उपसंपादकाच्या टेबलावर चिकटवून ठेवावी अशी आहे. एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून शिवाजी महाराजांबद्दल घाणेरडा मजकूर गेला. शहर तापले. मुलाच्या नावाने जे व्हायचे ते झाले. मग पोलिसांनी तपास केला तेव्हा निघाले की मजकूर टाकणारा दुसराच एक तरुण होता, तोही मुस्लिम नव्हता, आणि कारण होते एका मुलीवरून आलेले वैयक्तिक वैर. महाराजांचा अपमान कोणी केला आणि शिक्षा कोणाला होणार होती, पाहा. तपास करणाऱ्या पोलिसांना याचे श्रेय दिले पाहिजे. पण पोरगा गुन्हेगार नाही ही बातमी, तो गुन्हेगार आहे या अफवेइतकी किती लोकांपर्यंत पोचली?

स्क्रीनशॉट म्हणजे काय, हे आमच्या पत्रकारांना समजावून सांगायची वेळ यावी ही लाजेची गोष्ट आहे. तो खात्याचा फोटो असतो, खाते नव्हे. नाव, चेहरा, वेळ यातले काहीही बदलता येते. न्यायालयात असा पुरावा मांडायचा तर पूर्वी 65 ब आणि जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. चौकात मात्र काहीच लागत नाही. खाते कोणत्या नंबरवर उघडले, त्या दिवशी कोणत्या फोनवरून वापरले, याच्या नोंदी कंपनीकडे असतात. पोलीस त्या मागवू शकतात. पत्रकाराला त्या मिळणार नाहीत, पण 'मागवल्या का?' एवढे तर विचारता येते! चित्र पहिल्यांदा कोणत्या ग्रुपवर आले, त्याचा ॲडमिन कोण, 'सगळ्यांनी चौकात जमा' हा निरोप किती वाजता निघाला, हे गावातल्या शंभर फोनांत लिहिलेले असते. ते वाचायला तालुक्याला एसटीने जावे लागते.

न विचारलेल्या प्रश्नांचे काय होते ते आम्ही पुण्यात पाहिले. 2 जून 2014 रोजी हडपसरला मोहसीन शेख मारला गेला. मूळचा सोलापूरचा, आयटी कंपनीत नोकरीला. तेव्हाही फेसबुकवरची चित्रे होती, तेव्हाही त्याचा त्या चित्रांशी संबंध नव्हता. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांना जामीन देताना मृत दुसऱ्या धर्माचा होता ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो आदेश रद्द केला. आणि जानेवारी 2023 मध्ये सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. भर रस्त्यावर खून झाला आणि मारेकरी कोणीच नाही.

जमावातले चेहरे ओळखता येत नाहीत, ही सबब खरी नाही. धुळ्याच्या राईनपाड्यात 2018 साली मुले पळवणारे समजून पाच डवरी गोसाव्यांना ठेचून मारले गेले; तिथे 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. ओळखायचे ठरवले की ओळखता येते. आणि कुणाला वाटत असेल की ही आग फक्त आपल्याच मोहल्ल्यात येते, तर सांगलीच्या जत तालुक्यातले लवंगा गाव आठवावे. सप्टेंबर 2022 मध्ये तिथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्याच अफवेवरून बेदम मारले. भगवी वस्त्रेही कामाला आली नाहीत.

आपलेही काही चुकते. कुणा पोराचे नाव आले की जमातीतले बुजुर्ग शांततेसाठी त्याला आधी हात जोडून माफी मागायला लावतात. माफीचा तो व्हिडिओच मग कबुलीजबाब म्हणून फिरतो. पोराला आधी विचारा, फोन कुणाच्या हातात होता? खाते बंद करू नका, फोन पुसून टाकू नका. त्याच्या बाजूने बोलणारा तोच एक साक्षीदार आहे. आणि आम्ही लिहिणारे? अशा प्रत्येक मृत्यूवर आमच्या कविता येतात, फिर्यादीची प्रत वाचून लिहिलेले चार पानांचे वृत्त क्वचितच येते.

पुसेसावळीहून पुढे सांगली जिल्ह्यात शिरले की कडेगाव आहे. तिथले गगनचुंबी ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. दर मोहरमला त्यांची छायाचित्रे छापून येतात, छापलीच पाहिजेत. तोच छायाचित्रकार, तोच वार्ताहर, तोच रस्ता. येताना वाटेत पुसेसावळीला उतरून खटल्याची पुढची तारीख कधी आहे, एवढे विचारून यावे.