तारे सळईला, धूळ कामगाराला

घरकुलाचा स्लॅब टाकताना सळई किती मिलिमीटरची, हे नंदुरबारात सगळेच विचारतात; ती तयार होताना धूर किती निघाला, हे कोणी विचारत नाही. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'हरित पोलादा'ची व्याख्या ठरवली. २.२ टनांच्या आत असेल तर तीन तारे, १.६ च्या खाली पाच. पाऊल चांगले आहे. पण हे तारे हवामान तापवणारे वायू मोजतात, धूळ नव्हे.

जालन्याचेच पाहा. तिथे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून सळया होतात. खनिजापासून कोळशावर पोलाद करण्यापेक्षा यात कार्बन पुष्कळ कमी. मात्र रंगाचे, जस्ताचा मुलामा दिलेले भंगार वितळले की जस्ताची, कधी शिशाचीही बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात खोल जाते. शिसे तर रक्तात उतरते. कामगाराच्या खोकल्याला बिडीचे नाव देऊन आपण मोकळे होतो!

तेव्हा पूल, शाळा, घरकुलांसाठी सरकारने ताऱ्यांचीच सळई घ्यावी. पण भट्टीवर धूळ ओढणारी यंत्रणा चालू असल्याशिवाय तारा देऊ नये, आणि कामगारांच्या छातीची व रक्तातील शिशाची वार्षिक तपासणी त्याच अटींत घालावी.