लेसरच्या आधी मुरुमांकडे पाहा



मुरुमांच्या खड्ड्यांवर लेसर हाच उपाय असून धाराशिवला त्याची सोय व्हावी, असे पत्र या सदरात वाचले. खड्ड्यांपायी पोरे मनातून खचतात, ही त्यामागची कळकळ रास्त आहे. ‘हाच उपाय’ मात्र पटत नाही. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा नेमका थेंब सोडणे बऱ्याचदा अधिक लागू पडते. आतून ओढल्या गेलेल्या पसरट खड्ड्यांत त्वचेखालचे तंतू सुईने सोडवावे लागतात. शिवाय सावळ्या त्वचेवर लेसरनंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त, म्हणून कित्येक आठवडे ऊन टाळावे लागते. रानात राबणाऱ्या मुलीला एप्रिलमध्ये ते कसे जमावे?

लेसर त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी सोडणाऱ्या नव्या फ्रॅक्शनल तंत्राने हा धोका घटला, असे कुणी म्हणेल. घटला खरा, संपलेला नाही. आणि खेपाही अनेक घालाव्या लागतात. मूळ दुखणे आधीचे आहे: मुरुमांवर वेळेत उपचार होत नाहीत, उलट बीटामेथासोन या स्टेरॉइडची ट्यूब चोळली जाते आणि मुरूम बळावतात. २०१८ मध्ये अशी मलमे चिठ्ठीविना विकण्यावर केंद्राने बंदी घातली. तिची अंमलबजावणी आणि तालुक्याच्या दवाखान्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड व ॲडापलीन ही मुरुमांवरची औषधे मिळावीत, ही मागणी यंत्राच्या आधी व्हायला हवी.

— एक वाचक, धाराशिव