हालचाल ओळखावी की मोजावी?

हालचाल टिपणारी नियंत्रणे, म्हणजे बटणाऐवजी खेळाडूच्या हाताची वा शरीराची गती हीच आज्ञा मानणारी साधने, गंभीर व्हिडिओ गेमला मानवतात का, हा प्रश्न गेम-रचनाकार बहुधा निकालात निघालेला समजतात. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने किनेक्टचे उत्पादन थांबवले तेव्हाच त्याचे उत्तर मिळाले, असे मानण्याची पद्धत आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. गंभीर गेम म्हणजे येथे उदास कथानकाचा वा रक्तपाताचा गेम अभिप्रेत नाही. ज्यात खेळाडू तासन्‌तास गुंततो, ज्यातले कौशल्य सरावाने वाढते आणि ज्यात हरल्यावर यंत्राला दोष देण्यास जागा उरत नाही, तो गेम गंभीर. किनेक्ट या कसोटीस उतरला नाही, परंतु हालचालीचेच दुसरे एक तंत्र तीत उत्तीर्ण झाले आहे, आणि ते मुंबईच्या लोअर परळमधल्या अनेक महाविद्यालयीन मुलांच्या खिशात सापडते.

दोहोंतला भेद समजण्यासाठी संवेदकांकडे पाहावे लागते. २००६ साली आलेल्या निन्टेन्डोच्या वी या यंत्राच्या रिमोटमध्ये ॲक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातील बदल आणि गुरुत्वाकर्षणाचा ओढा एकत्रितपणे मोजणारा संवेदक, आणि पडद्याकडचा रोख कळण्यासाठी इन्फ्रारेड कॅमेरा होता. हात किती वळला हे त्यातून नेमके कळत नसल्याने टेनिस खेळताना पूर्ण बाहू फिरवणारा आणि सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकणारा, दोघांनाही सारखेच फळ मिळे. वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप त्या रिमोटला २००९ मध्ये मोशनप्लस या जोडणीद्वारे मिळाला. किनेक्टने २०१० मध्ये हातातले साधनच काढून टाकले आणि सेकंदाला तीस चित्रे घेणाऱ्या, अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या आधारे खेळाडूच्या सांध्यांचा अंदाज बांधला. या प्रयोगांवर बेतलेले बहुसंख्य गेम हालचाल ‘ओळखत’ होते: हात वर गेला म्हणजे उडी, आडवा फिरला म्हणजे तलवार. असे ओळखणे म्हणजे वेषांतर केलेले बटणच होय, आणि तेही मंद, कारण हालचाल बरीचशी पूर्ण झाल्याशिवाय ती कोणती हे यंत्राला ठरवता येत नाही.

हा मंदपणा किती महाग पडतो, हे क्रिकेटच्या हिशेबाने कळते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू एका सेकंदात सुमारे ३९ मीटर जातो. म्हणजे ओळखण्यात सेकंदाचा दहावा भाग गेला, तर चेंडू जवळजवळ चार मीटर पुढे सरकलेला असतो आणि फलंदाजाला मिळणाऱ्या जेमतेम अर्ध्या सेकंदातला मोठा वाटा यंत्रानेच खाल्लेला असतो. लोअर परळच्याच कमला मिल्सच्या आवारात २०१२ साली सुरू झालेल्या स्मॅश या खेळकेंद्राने ही अडचण धीटपणे टाळली: पडद्यावर गोलंदाज धावत येई, परंतु चेंडू यंत्रातून खराखुरा सुटे आणि बॅटही खरीच असे. फटक्याचा हादरा हाताला बसत असल्याने खेळाडूला चूक स्वतःची वाटे. मात्र एवढे करायला गिरणीची शेड लागते. त्याच परिसरात ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असे. किनेक्टची शिफारस मात्र दोन खेळाडूंसाठी पडद्यापासून आठ फूट मोकळ्या जागेची होती. कॉट, कपाट आणि मोरी यांच्यामध्ये आठ फूट कोणाकडे होते? किनेक्टच्या अपयशाची चर्चा करताना मुंबईतील विश्लेषकांनी हे साधे मोजमाप क्वचितच घेतले आहे.

पुण्याच्या रोलोक्यूल गेम्स या संस्थेने २०१३ मध्ये ‘मोशन टेनिस’ काढून आयफोनलाच रॅकेट केले आणि चित्र ॲपल टीव्हीमार्फत मोठ्या पडद्यावर नेले. नवे साधन विकत घ्यायला न लावता लोकांच्या हाती आधीच असलेले संवेदक वापरावेत, ही त्यामागची दृष्टी अचूक होती. मात्र मोठा टीव्ही, त्याला जोडलेला डबा आणि हात फिरवण्याइतकी रिकामी जागा, या तिन्ही गोष्टी एकाच घरात असाव्यात ही अपेक्षा भारतीय बाजारपेठेला जड होती.

फोनमधला जायरोस्कोप पुढे पबजी मोबाइल आणि २०२१ पासून बीजीएमआय या नेमबाजीच्या गेममध्ये स्थिरावला. तेथे अंगठा दृष्टी ढोबळमानाने वळवतो, आणि बंदुकीच्या धक्क्याने, खेळाडूंच्या भाषेत रिकॉइलने, वर सरकणारा नेम फोन किंचित कलवून खाली आणता येतो. फोन जितका कलला त्या प्रमाणात नेम हलतो, म्हणजे हालचाल ओळखली नव्हे तर मोजली जाते. मधे अर्थ लावणारे कोणी नसते, म्हणून विलंब नगण्य आणि सुधारणेला वाव मोठा. स्पर्धेत उतरणारी मुले हा जायरो नेहमी चालू ठेवावा की फक्त स्कोप लावल्यावर, यावर वाद घालतात आणि संवेदनशीलतेचे आकडे एकमेकांना विचारतात. कौशल्य गंभीर झाल्याची यापेक्षा चांगली खूण मिळणे कठीण. निन्टेन्डोनेही २०१५ च्या ‘स्प्लाटून’मध्ये हीच विभागणी केली होती. उलट, ‘स्कायवर्ड सोर्ड’ या २०११ च्या गेममधील तलवारीचे घाव २०२१ च्या आवृत्तीत अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या दिशांवरही बसवता आले, कारण तिथे महत्त्वाची होती ती मुख्यतः दिशा, आणि दिशा ओळखायला बाहू लागत नाही.

मोजण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. जायरोस्कोपची सूक्ष्म चूक साठत जाऊन नेम हळूहळू सरकतो. शिवाय तो जमिनीच्या संदर्भात वळण मोजत असल्याने बस वळली की नेमही वळतो, आणि मुंबईतला पुष्कळसा खेळ प्रवासातच चालतो. मनगट थरथरणाऱ्या किंवा एकाच हाताने खेळणाऱ्या खेळाडूसाठी तर जायरो बंद करूनही गेम पूर्ण खेळता आला पाहिजे. आणि नेम असा सरकत असल्याने मध्यबिंदू पुन्हा जुळवण्याचे बटण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर न लपवता खेळाच्या पडद्यावरच असणे आवश्यक ठरते.

या मासिकाच्या वाचकांपैकी जे मोबाइलवर क्रिकेट रचतात, त्यांच्यापुढे एक प्रयोग आहे. आज हे खेळ प्रामुख्याने स्वाइपवर आणि बटणांवर चालतात. फटक्याची वेळ अंगठ्याकडेच ठेवून बॅटचा दर्शनी भाग किती उघडा वा मिटलेला, एवढा एकच कोन जायरोकडे सोपवला, तर लेट कट आणि स्लिपमधला झेल यांतले अंतर काही अंशांवर येईल, आणि ते अंश सरावाने हाताला शिकता येतील.