हौस त्यांची, ओल आपली

रविवारी सकाळी राजोडीत ड्रिल मशीनचा आवाज सुरू झाला की समजावं, आज संध्याकाळी कुणाच्या तरी घरात तोंडं फुगणार.

हसू नका दोस्तांनो. हे आपल्या पिढीचं नवं दुखणं आहे. सहा दिवस नालासोपाऱ्याहून लोकलला लोंबकळत मुंबई गाठणारा पोरगा सातव्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ बघतो. दहा मिनिटांत ओल गायब. मिस्त्री कशाला, स्वतःच करा. पोरगा पेटतो. हार्डवेअरच्या दुकानातून पुट्टीची पिशवी आणतो, पट्टी आणतो, ब्रश आणतो, मित्राचं ड्रिल मागून आणतो. भिंत खरवडतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. दोन महिने भिंत नवरीसारखी. मग पाऊस लागतो आणि आषाढात तीच भिंत सगळा रंग थुंकून टाकते. फळी मारायला भोक पाडावं तर गिट्टी भोकात गरगर फिरते आणि फळी डब्यांसकट खाली. घरातून आवाज येतो, एवढा शिकलास, एक फळी धड ठोकता येईना?

आणि पोरगा ते खरं मानतो. माझं भांडण तिथं आहे. कर्ज काढून घेतलेली पहिली खोली, खानदानातली पहिली नावावरची भिंत. ती भिंत पोपडे टाकते आणि हा स्वतःला नालायक समजतो. नाय राव. दोष तुझ्या हातात नाही, भिंतीत आहे. आणि भिंतीत तो आपोआप आलेला नाही.

आधी भिंतीचं बघू. राजोडी म्हणजे समुद्र. सुरूच्या झाडांतून जो गार वारा येतो, ज्याच्यासाठी मुंबईची माणसं सुट्टीत इथं येतात, तो वारा मीठ घेऊन येतो. बिजागरी वर्षात गंजते, खिडकीची ग्रील सोलते. तेच मीठ भिंतीत शिरतं. वीट पाणी ओढते, जमिनीतलं ओढते, पावसाचं ओढते. पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन सुकतं, पण त्यात विरघळलेलं मीठ सुकून जात नाही. ते रंगाच्या पाठीमागे स्फटिक धरतं, फुगतं आणि रंगाला ढकलून देतं. आपली म्हातारी माणसं याला भिंतीला लोणा लागला म्हणायची. आता तू त्याच्यावर पुट्टी थापलीस तर पाण्याची वाट बंद झाली, पाणी नाही बंद झालं. ते आणखी हातभर वर चढतं आणि तिथून बाहेर पडतं. आतून कितीही रंग फासा, पाणी बाहेरून येतंय तोवर रंग हरणारच.

काँक्रीटमध्ये तर याहून वाईट. काँक्रीटच्या पोटात सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटचा क्षार तिच्याभोवती एक पातळ कवच धरतो. मीठ आत पोचलं की ते कवच फुटतं, सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोनपट ते सहापट जागा खातो. जागा नाही म्हणून तो काँक्रीटच फोडतो. छताच्या खपल्या पडतात त्या अशा. आपण झाडू मारून खपल्या गोळा करतो आणि वर पुट्टी लिंपतो.

आता व्हिडिओचं बघू. ही स्वतः करा चळवळ जन्मली कुठे? लढाईनंतरच्या इंग्लंड-अमेरिकेत. कारागिराची मजुरी परवडेना म्हणून बाबू लोकांनी हातोडी धरली. १९६२ साली बीबीसीवर बॅरी बकनेल नावाचा माणूस एक पडकं घर दुरुस्त करून दाखवायचा आणि सारा देश बघायचा. तिथं ती गरज होती, मग हौस झाली, मग धंदा झाला. तोच धंदा आता आपल्या फोनमध्ये आला. २०२० साली नवी मुंबईत आयकियाचं भलंमोठं दुकान उघडलं. खोक्यात फळ्या आणि कागदावर चित्रं, जोडा तुमचं तुम्ही. जोडा की. पण अमेरिकेतलं घर बहुतेक लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून उभं असतं. तिथला स्क्रू लाकडात घुसतो आणि धरतो. आपली भिंत विटेची, वर गिलावा. बांधणाऱ्याने सिमेंट चोरलं असेल, गिलाव्यावर पाणी मारलं नसेल, तर ड्रिल लावल्याबरोबर भोकातून नुसती रेती गळते. त्या रेतीत गिट्टी काय धरणार, तिचा बाप काय धरणार? पोरगा म्हणतो, मला जमलं नाही. अरे, तुझ्या ड्रिलने बिल्डरची चोरी उघडी पाडली!

आणि गंमत बघा. स्वतःचं घर स्वतः बांधणं ही काय नवी गोष्ट आहे? या मुंबईच्या कडेकडेने आपल्या आज्या-आजोबांनी बांबू, पत्रे, ताडपत्री, गोणपाट जमवून घरं उभी केली. कुणी शिकवलं नाही, कुणी लाईक दिला नाही. पावसाळ्याआधी छप्पर स्वतः शाकारलं, गटाराचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याशी बांध स्वतः घातला. त्याला कुणी छंद म्हटलं नाही. अतिक्रमण म्हटलं. पंचवीस मजल्यावरच्या साहेबाने बाल्कनीत दोन फळ्या ठोकल्या की कला, आपण ठोकल्या की गुन्हा. हौस त्यांची, ओल आपली.

तोंडं मोठी करून म्हणतात, कायदेशीर घर घ्या. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. एका रात्रीत नाही राहिल्या. मजल्यावर मजला चढत होता तेव्हा सगळे बघत होते. न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या आणि दोन हजारांहून जास्त कुटुंबं रस्त्यावर आली. त्या घरांतही कुणी रविवारी पुट्टी भरली असेल, कुणी स्वयंपाकघराच्या टाईल्स स्वतः चिकटवल्या असतील. रंगाच्या डब्याबरोबर ते रविवारही ढिगाऱ्यात गेले.

आता मुळाशी येऊ. आयएस ४५६ नावाचं पुस्तक आहे, काँक्रीटचा कायदाच म्हणा. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत लिहिलंय की किनाऱ्याच्या हवेला उघड्या असणाऱ्या काँक्रीटमध्ये सळईवर निदान ४५ मिलिमीटरचं आवरण हवं, काँक्रीट एम-३० पेक्षा हलकं नको, साध्या सिमेंटवर निदान ७ दिवस पाणी मारलंच पाहिजे. किती साधी गोष्ट! पण पुस्तक इंग्रजीत. ते वाचणारा घमेल्याला हात लावत नाही आणि घमेलं उचलणाऱ्याच्या हातात ते पुस्तक कुणी देत नाही. गवंड्याला ठाऊक असतं की माल पातळ झालाय, पाणी जास्त पडलंय. पण बोलायचा हक्क त्याला नाही. इंजिनिअरला बोलायचा हक्क आहे, पण माल हातात घेऊन बघायची त्याला सवय नाही. जातीने नुसती कामं वाटली नाहीत, माणसंच एकमेकांपासून तोडून कप्प्यांत बसवली, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न होऊ दिलेल्या भाषणात मांडलं. त्या तोडातोडीचा पुरावा हवा असेल तर ग्रंथालयात जायला नको. राजोडीतल्या कुठल्याही चाळीच्या छताकडे मान वर करून बघा. हात एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे ठेवलं की त्या दोन्हीच्या मधल्या फटीतून पाणी गळतं.

आता जरा आपल्याला झोंबणारं बोलतो. आपल्यापैकी कितीकांचे बाप गवंडी होते, बिगारी होते, पाईप जोडत होते, वायरी ओढत होते. घरी कोपऱ्यात थापी आहे, ओळंबा आहे, गुण्या आहे. आपण पदवी घेतली आणि पहिल्यांदा काय केलं? ती थापी माळ्यावर टाकली. पाहुणे आले की बाप काय करतो ते कुजबुजत सांगितलं. आणि आता ओल आली की आपण बापाला विचारत नाही. कुठल्या तरी कोरड्या गावातल्या, गोऱ्या हाताच्या अनोळखी माणसाला फोनवर विचारतो! तो म्हणतो हे बाटलीतलं रसायन लावा, आपण लावतो. बाप खाटेवरून बघत असतो. त्याला माहीत असतं की आधी भिंत विटेपर्यंत खरवडायला हवी, एप्रिल-मेमध्ये वाळू द्यायला हवी, गोड्या पाण्यातली रेती हवी, वर चुना मारला तर भिंत श्वास घेते. तो बोलत नाही, कारण आपण त्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायला शिकलेलोच नाही. हे शिक्षण आपल्याला कुणी दिलं? ज्यांनी हजारो वर्षं हाताला विटाळ मानला त्यांनीच. आपण त्यांच्याविरुद्ध घोषणा देतो आणि घरी येऊन त्यांच्याच नजरेने थापीकडे बघतो.

म्हणून मी म्हणत नाही की स्वतः काही करू नका. करा. पण डोळे उघडे ठेवून करा. नळाचा वॉशर बदला, दाराची बिजागरी बदला, कपाट जोडा, भिंत वाळवून चुना मारा. जमलं नाही तर पुन्हा करा, त्यात लाज कसली? पण पिलर आणि बीम यांना हात लावायचा नाही. आडवी-उभी चीर दिसली, सळई उघडी पडली, तर तिथं पुट्टी लावणं म्हणजे जखमेवर पावडर लावणं. घर मोठं करायला मधली भिंत फोडायची नाही. वायरिंगला जाणकाराशिवाय हात घालायचा नाही, घरात अर्थिंग आणि झटका जिवावर बेतायच्या आत वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते आधी विचारायचं. ओल्या भिंतीत वीज उतरली तर ती पदवी विचारत नाही.

२६ ऑगस्ट २०२५ ची मध्यरात्र आठवा. विरार पूर्वेला विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. बेकायदा इमारत. १७ माणसं मेली. महापालिकांच्या कायद्यात ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी करून घ्यायची सोय आहे. ही इमारत त्याच्या निम्म्या वयाचीसुद्धा नव्हती. म्हणजे कायदा म्हातारपणाची वाट बघत बसला आणि इमारत तरुणपणीच मेली. २०१६ च्या रेरा कायद्यात आहे की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. छान आहे. पण नोंदच नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याने कुणाचं दार ठोठवायचं? ज्याच्याकडे कागद आहे त्याने मात्र गप्प बसू नये. पहिल्या पावसात ओल दिसली की पुट्टी आणायच्या आधी फोटो काढा, तारीख टाका, लेखी तक्रार द्या. तू स्वतःच्या पैशाने लिंपून टाकलंस की त्याचा पुरावा तूच पुसलास. स्वतः करा या मंत्राचा बिल्डरला होणारा हा सगळ्यात मोठा फायदा. त्याची जबाबदारी आपण हौसेने अंगावर घेतो.

मग करायचं काय? एकेकट्याने रविवारी भिंतीशी कुस्ती खेळणं बंद करायचं. प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत वर्गणी काढून एक ड्रिल, एक शिडी, एक लेव्हल पट्टी, छिन्नी-हातोडा घ्यायचा. प्रत्येकाने वेगळं ड्रिल घेऊन वर्षातून दोनदा वापरायचा मूर्खपणा कशाला? वस्तीतल्या गवंड्याला, वायरमनला, प्लंबरला मास्तर म्हणून बोलवायचं आणि त्या दिवसाची पुरी मजुरी द्यायची. आपल्यातला म्हणून फुकट राबवायचं नाही. आपल्यात जे इंजिनिअर झालेत त्यांनी त्या पुस्तकातली दहा कलमं सोप्या मराठीत लिहून सायक्लोस्टाईल काय, झेरॉक्स काय, मोबाईलवर काय, घराघरात पोचवायची. आवरण किती, पाणी किती दिवस, रेती कसली. बिगाऱ्याच्या हातात तो कागद असला की मुकादमाला तो विचारील, साहेब, इथं ४५ मिलिमीटर लिहिलंय, तुम्ही २० का ठेवताय? त्या एका प्रश्नाला बिल्डर जेवढा घाबरेल तेवढा मोर्चालाही घाबरणार नाही.

आणि कुणी वेडं म्हणेल, क्रांतीच्या गप्पा सोडून ओलीच्या गप्पा काय मारता? त्याला सांगा, ज्या घरात लेकरं खोकतात, ज्या छताखाली आई झोपेत वर बघत राहते, त्या घरातला पोरगा मोर्चात कुठल्या जिवावर येणार? नालासोपाऱ्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणलं तर विटांचा स्तूप निघाला. ती वीट कुणाच्या तरी हाताने पाडली, भाजली, रचली. राजाचं नाव कोरलं गेलं, हातांचं नाही. पण टोपली विणणाऱ्या बुरुडाला लोकांनी आपल्या तोंडात राजा करून ठेवलंय, हे विसरू नका.

थापी माळ्यावरून खाली काढा. आणि तिच्याबरोबर पुस्तकही उघडा. दोन्ही एकाच हातात आल्याशिवाय आपली ओल जाणार नाही.